उजव्या डोळ्याचा उशीर

माझ्या वडिलांचा उजवा डोळा कल्पनाने वाचवला, असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं की कल्पना डॉक्टर असणार. ती डॉक्टर नाही. पौडच्या एस.टी. स्टँडच्या मागे एका संस्थेचं दोन खोल्यांचं डोळेतपासणी केंद्र आहे, तिथलं मशीन ती चालवते. मधुमेह असलेल्या माणसाला अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसवायचं, दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढायचे, ते पाठवायचे आणि रिपोर्टची वाट पाहायची. रिपोर्टवर लाल खूण आली तर बावधनच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी द्यायची. तिचं काम एवढंच.

मागच्या वर्षी नाना, म्हणजे माझे वडील, तिथे गेले ते मी फोनवर रोज मागे लागले म्हणून. नाना सगळी नोकरी कंडक्टर होते. दुसऱ्याची गाडी चुकली तरी त्यांना वाईट वाटतं, स्वतःची चुकणं तर त्यांना अपमानच वाटतो. फोटो काढून झाले आणि बाहेर गाडी लागल्याचा आवाज आला, तसे ते उठले.

कल्पना दारात उभी राहिली. "नाना, यष्टी दुसरी येईल. डोळा दुसरा कुटनं आणायचा?"

"हाय की दुसरा. डावा."

"मग त्यो बी जाईल ह्याच गाडीनं. बसा गप."

नाना बसले. कंडक्टरला बसवणारी बाई त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटली होती. रिपोर्ट लाल आला. बावधनला लेझर झालं. आणखी काही महिने गेले असते तर त्या डोळ्याचं काही करता आलं नसतं, असं डॉक्टर मला म्हणाले. नाना आज चष्मा लावून सकाळचा पेपर वाचतात आणि त्यातल्या चुका मला फोन करून सांगतात. तो फोन वाजला की मला कल्पना आठवते.

म्हणून या वर्षी त्या संस्थेचं काम आमच्या कंपनीकडे आलं तेव्हा मला फार आनंद झाला. पूर्वी रिपोर्ट केंद्रातल्याच एका जुन्या संगणकावर तयार व्हायचे. तो संगणक वारंवार बंद पडायला लागला, म्हणून संस्थेने फोटो आमच्याकडे, हिंजवडीला पाठवायचं ठरवलं. कल्पनाच्या कामाला माझं काम जोडलं जाणार होतं.

माझं काम समजावून सांगायला थोडं अवघड आहे. एका मोठ्या संगणकाच्या पोटात आम्ही अनेक आभासी संगणक चालवतो. त्या सगळ्यांना सांभाळणारा जो थर असतो त्याला हायपरवायझर म्हणतात. आमची लहानशी टीम फक्त त्या थरावर काम करते. संस्थेची एक अट होती, आणि ती मला मनापासून पटली होती: एका माणसाच्या डोळ्याचा फोटो दुसऱ्याच्या तपासणीच्या वेळी चुकूनही मेमरीत उरलेला नको. त्यामुळे प्रत्येक पेशंटसाठी एक नवा आभासी संगणक उठायचा, त्याचे दोन्ही डोळे तपासायचा आणि पुसला जायचा.

दोन महिने झाले आणि संस्थेच्या साधनाताईंचा मेल आला. रिपोर्टला इतका वेळ लागतो की लोक थांबत नाहीत. मुळशी धरणाच्या मागच्या गावांना गाड्या मोजक्याच आहेत, गाडी लागली की माणूस उठून जातो. नंतर फोन केला तर "दुखत न्हाई, कशाला येऊ" म्हणतो. हे असंच राहिलं तर महिनाअखेरीस मशीन पौडहून हलवून बावधनला नेऊ. तिथे निदान बसायला जागा आहे आणि गाड्यांची घाई नाही.

बावधनला डोळ्यांचे दवाखाने आहेत. धरणामागचा माणूस दुखत नसलेल्या डोळ्यासाठी पौडपर्यंत येतो तेच मुश्किलीने, पुढे बावधनला तो जाणार नव्हता.

मीटिंगमध्ये मनीषने मेल मोठ्याने वाचला. मनीष इंदूरचा, आमच्यातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात बडबड्या. "अरे यार, पौड में नेटवर्क है क्या? फोटो बैलगाडी से आते होंगे."

"पौडला फोर-जी आहे," मी म्हटलं.

"तेरा गाँव है, तू तो बोलेगी."

प्रमोद सरांनी आमचे आकडे पडद्यावर लावले. प्रमोद सर आमच्या टीमचे प्रमुख. मला कॉलेजातून निवडून आणून हे सगळं काम त्यांनी शिकवलं, एक-एक ओळ शेजारी बसून. पडद्यावरचा आकडा स्पष्ट होता: आमच्याकडे एक डोळा तपासायला सहा सेकंद लागत होते. शंभर वेळा मोजलं तरी सहाच.

"आपल्या बाजूला काही नाही," सर म्हणाले. "नेटवर्कच असणार. तसं त्यांना कळवू या."

मी म्हटलं, "सर, कळवायच्या आधी मी शनिवारी जाऊन बघू का? नानांची वर्षाची तपासणी आहेच."

"जा की. येताना आमच्यासाठी काकड्या आण," सर हसले. "मुळशीच्या काकड्या खाऊन वर्ष झालं."

शनिवारी हिंजवडीजवळच्या जांब्यातल्या माझ्या खोलीतून सकाळीच निघाले. नाना पौडच्या स्टँडवर आधीच येऊन बसले होते आणि एका कंडक्टरला मशीनमधून तिकीट कसं लवकर काढावं हे सांगत होते. त्यांना तिथून ओढून केंद्रात नेलं.

केंद्राच्या दारात एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची आडवी ठेवलेली होती. पेशंटला आत घ्यायचं असलं की कल्पना ती उचलायची आणि आत घेतलं की पुन्हा दारात लावायची.

"हे काय गं?" मी विचारलं.

"फाटक," ती म्हणाली. "मानसं पळत्यात, ताई. मागल्या वर्षी मी एकटी पुरायची. आता खुर्ची लागती."

आत कुशाबा नावाचे एक आजोबा बसले होते, धरणामागच्या गावचे. त्यांचे फोटो पाठवून झाले होते. पडद्यावर गोल फिरत होतं. ते उठून खुर्चीशी आले.

"पोरी, सरकीव."

"आजोबा, दोन मिंटं."

"मगाधरनं दोन मिंटंच चाललीत तुजी. हितं माजी म्हस बी एवढ्या येळात दूध देती." त्यांनी पाय उचलला आणि खुर्चीवरून पलीकडे टाकला. त्या वयात त्यांना ते जमलं याचंच आम्हाला इतकं आश्चर्य वाटलं की आम्ही बघत राहिलो. ते गेले. गाडी गेली. त्यानंतर पडद्यावर उजव्या डोळ्याचा रिपोर्ट आला, आणि लगोलग डाव्याचा. डाव्यावर लाल खूण होती.

कल्पनाने रिपोर्टकडे पाहिलं. तिने भिंतीवरच्या फोनवरून नंबर लावला. आजोबांचा फोन बंद होता.

ते फिरणारं गोल आमचं होतं. मी आणि मनीषने बसवलेलं.

मी आधी नेटवर्क पाहिलं. फोटो जायला क्षणभर लागत होता. मनीषची बैलगाडी कुठेच नव्हती. मग नानांची पाळी आली. कल्पनाने उजव्या डोळ्याचा फोटो घेतला, डाव्याचा घेतला, पाठवला. गोल फिरू लागलं.

"उजव्याला येळ लागतो," कल्पना म्हणाली. "सगळ्यांचाच. डावा लगेच येतो."

"सगळ्यांचा उजवाच?"

"व्हय. मला वाटलं, उजवा डोळा मानूस जास्त वापरतो, म्हणून त्यात बघायला जास्त आसंल."

नाना म्हणाले, "मग माझा तर लईच वापरलाय. तिकिटं उजव्यानंच पंच केली."

उजव्याला चार मिनिटं लागली. डाव्याला सहा सेकंद.

सहा सेकंद. आमचा आकडा.

मी मग म्हटलं, "कल्पना, नानांचं पुन्हा एकदा करशील? नव्याने नोंदव. आणि या वेळी आधी डावा पाठव."

"डावा आधी? आमाला उजवा आधी शिकवलाय."

"एकदाच."

"कर गं," नाना म्हणाले. "हिला लहानपनापास्नं उलटं करून बघायची खोड हाय."

तिने डावा आधी पाठवला. डाव्याला चार मिनिटं लागली. मग उजवा सहा सेकंदांत आला.

उजव्या डोळ्याचा काही दोष नव्हता. पहिल्या डोळ्याला उशीर होत होता, मग तो कुठलाही असो.

स्टँडवर काकड्या घेतल्या, पण बसमध्ये बसेपर्यंत त्या हातात आहेत हेही माझ्या लक्षात नव्हतं. मला दिसत होती ती प्रमोद सरांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट. वेग मोजताना पहिला रन, म्हणजे पहिल्या फेरीचा आकडा, फेकून द्यायचा. यंत्र नुकतं उठलेलं असतं, थंड असतं, तो आकडा खरा नसतो. पहिल्यापासून हे काम करणारे सगळे असंच करतात, आमच्या मोजणीच्या प्रोग्राममध्ये ते लिहिलेलंच आहे. सर ते त्यांच्या पद्धतीने सांगायचे: "पहिलं घावन तव्याचं, दुसरं खाणाऱ्याचं." तवा तापेपर्यंत पहिलं चिकटतं, फाटतं. त्यावरून स्वयंपाक जोखू नये.

आम्ही शंभर वेळा मोजलं होतं आणि शंभर वेळा पहिला डोळा फेकून दिला होता. आम्ही फक्त दुसरा डोळा मोजत होतो.

सोमवारी सरांच्या टेबलावर काकड्या ठेवल्या आणि सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज जरा खाली गेला, कारण ती पद्धत त्यांची होती, आणि तिच्यावरच माझं आजवरचं काम उभं होतं.

"सर, पौडला प्रत्येक पेशंटला नवं आभासी मशीन मिळतं. तिथे दुसरं घावन कुणाला मिळतच नाही. प्रत्येक जण पहिलंच खातोय."

सरांनी एक काकडी उचलून परत खाली ठेवली. मग हसले, अगदी मनापासून. "आणि मी ते वीस वर्षं फेकून देतोय. मनीष, इकडे ये. हिने पौडच्या नेटवर्कला निर्दोष सोडवलंय."

"मतलब बैलगाडी हमारी थी?" मनीष म्हणाला.

"आपलीच. चला, मोजा पहिला रन."

मोजला. चार मिनिटं.

कारण शोधायला मग वेळ लागला नाही. आभासी संगणकाला वाटत असतं की सगळी मेमरी आपल्या हातात आहे. प्रत्यक्षात तो उठतो तेव्हा त्याच्याकडे जवळजवळ काही नसतं. मेमरीचे सारख्या आकाराचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पानं म्हणतात; जसजसा तो एकेका पानाला हात लावतो तसतशी आम्ही ती पानं आणून देतो. नसलेल्या पानाला हात लावला की त्याचं काम जागच्या जागी थांबतं, ताबा हायपरवायझरकडे येतो, पान साठ्यातून आणलं जातं, जागेवर ठेवलं जातं, आणि मग काम पुढे सरकतं. याला पेज फॉल्ट म्हणतात. फॉल्ट म्हटलं तरी ही चूक नसते, ठरलेली रीत असते, आणि चांगली रीत असते. न लागणारी मेमरी त्यामुळे अडकून पडत नाही. एका थांब्याला लागणारा वेळ डोळ्याची पापणी लवण्याइतकाही नसतो. पण डोळा तपासणारा प्रोग्राम पहिल्या फोटोसाठी लाखो पानांना हात लावत होता. लाखो थांबे. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ती पानं आलेली असत, म्हणून सहा सेकंद.

मनीषने पहिला उपाय त्याच दिवशी केला: सगळी मेमरी आधीच आणून ठेवायची. थांबे संपले, पण आभासी मशीन उठायलाच दोन मिनिटं लागायला लागली. "कुशाबा तब भी कूदेगा," तो स्वतःच म्हणाला. खुर्चीची गोष्ट मी त्याला सांगितली होती आणि न पाहिलेल्या कुशाबांवर त्याचा जीव जडला होता.

मग आम्ही पाहिलं की पेशंट बदलला तरी हात लागणारी पानं जवळपास तीच असतात. ती प्रोग्रामच्या शिकलेल्या ज्ञानाची पानं, सगळ्या डोळ्यांना सारखीच. पेशंटचा स्वतःचा फोटो म्हणजे त्यातला अगदी छोटा भाग. तेव्हा एका रिकाम्या नमुन्यावर चालवून कुठली पानं लागतात ते टिपून घ्यायचं, मशीन उठवताना तेवढीच आणायची, आणि एकेक न आणता मोठमोठे गठ्ठे करून आणायची. पेशंटचं पान मात्र कधीच आधीचं नाही, ते दर वेळी नवं. संस्थेच्या अटीला धक्का लागत नव्हता. सरांनी हा भाग स्वतः दोनदा तपासला. मोजणीच्या प्रोग्राममधली पहिला रन फेकणारी ओळही त्यांनी स्वतःच काढली.

त्या रविवारी नानांना हे सांगायचा प्रयत्न केला.

"समजा गाडी भरलीय," मी म्हटलं. "आणि नियम असा की प्रत्येक तिकिटाला गाडी थांबवायची, तुम्ही खाली उतरायचं, डेपोत जाऊन एकच तिकीट घेऊन यायचं, द्यायचं आणि मग घंटी मारायची."

"आसला नियम कुन्या येड्यानं केला?"

"आम्ही."

नाना बराच वेळ हसत राहिले. "आन आता?"

"आता स्टँडवरच सगळ्यांचं बुकिंग करून गाडी सोडायची."

"आन वाटंत कुनी चढला तर?"

"त्याच्यासाठी जुनीच पद्धत. थोडेच असतात ते."

"मग बराबर हाय," नाना म्हणाले. "चालंल तुजी गाडी."

महिना संपायला आठवडा उरला असताना साधनाताई पौडला येऊन बसल्या. नवी पद्धत सुरू झाली होती, म्हणून मीही गेले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: लोक थांबले तर मशीन राहील. आकडे त्यांनी बघितलेच नाहीत, त्या दाराकडे बघत होत्या.

कुशाबा आले होते. त्यांना आणायला कल्पनाने काय काय केलं ते मला नंतर कळलं. फोन लागेना म्हणून तिने त्यांच्या गावच्या गाडीच्या कंडक्टरकडे निरोप दिला, तोही रोज, शेवटी गाडीतले सगळेच त्यांना विचारायला लागले की कुशाबा, डोळा दाखवला का. नानांनी डेपोतली जुनी ओळख वापरून त्या कंडक्टरला दम दिला होता, असंही ऐकलं.

"आलोय," कुशाबा दारातूनच म्हणाले. "गावानं आनलंय मला. पन गाडी लागली की मी चाललो."

"जावा," कल्पना म्हणाली. तिचा चेहरा घट्ट होता. खुर्ची तिने दारात लावली नाही. मला वाटतं, साधनाताई बसलेल्या असताना तिला खुर्चीने कुणाला अडवायचं नव्हतं. ज्याला जायचं तो जाऊ शकत होता, आणि गेला तर आठवडाभराने ही खोली रिकामी होणार होती.

हनुवटी टेकली. उजवा, डावा. पाठवलं. गोल फिरू लागलं, आणि बाहेर गाडी लागली. कुशाबांनी गुडघ्यावर हात टेकला आणि उठायला लागले.

ते पुरते उभे राहायच्या आत दोन्ही रिपोर्ट आले होते.

"बसा, आजोबा," कल्पना म्हणाली.

"झालं?" कुशाबा पडद्याकडे, मग तिच्याकडे बघायला लागले. "एवढ्या बिगी? नीट बगितलं का? का मला घालवायला उरकलंस?"

"घ्या आता! येळ लागला तर पळालात, लौकर झालं तर संशय घेता." कल्पना हसली आणि मग एकदम गंभीर झाली. "उजवा चांगला हाय. डाव्यात लाल आलंय. आता दिसतंय तुमाला, पन उपाय केला न्हाई तर दिसायचं न्हाई. ही चिठ्ठी. बावधनला परवा जायचं. परवा, दिवाळीनंतर न्हाई."

कुशाबांनी चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली. टोपी काढली, चिठ्ठी आत ठेवली, टोपी घातली. "बरं झालं बोलिवलंस," ते म्हणाले, आणि गाडी पकडायला निघाले. आज त्यांना खुर्ची ओलांडावी लागली नाही.

त्या सकाळी त्यांच्यानंतर जेवढे आले तेवढे सगळे रिपोर्ट घेऊनच गेले. दुपारी साधनाताईंनी पर्स उचलली आणि कल्पनाला म्हणाल्या, "पुढच्या महिन्याचे कागद इथेच पाठवते." कुशाबा बावधनला गेले का, हे साधनाताईंनी पुढच्या आठवड्यात स्वतः फोन करून विचारलं. गेले होते. त्यांच्या गावच्या गाडीतले आणखी चौघे पौडला तपासणीला आले होते.

पण ते नंतरचं. त्या दुपारी खोलीत आम्ही दोघीच उरलो. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, गेलं वर्षभर सांगायचं होतं. मी म्हटलं, "कल्पना, त्या दिवशी तू नानांना दारात अडवलं नसतंस तर..."

"ताई, ते राहू द्या," ती म्हणाली. "मला आधी एक सांगा. आधी फोटो पाठवला की मी चहा ठेवायचे, रिपोर्ट येईस्तवर पिऊन व्हायचा. आता मी चहा कधी प्यायचा?"

"मी आणते," मी म्हटलं.

स्टँडवरच्या टपरीवरून दोन चहा आणले. लाल खुर्ची आता भिंतीशी होती. मी तिच्यावर बसले, कल्पना मशीनच्या स्टुलावर. दार उघडं होतं. बाहेर पुढची गाडी लागत होती आणि दारातून कुणीही पळत नव्हतं.